दहा मिनिटं उजेड, वीस मिनिटं अंधार

दारावर कोसा लटकलेला होता, आणि तरी मी कडी काढली.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात काळोख्या खोलीच्या दारावर पाटी नव्हती. पाटी कोणी वाचत नाही, असं आमच्या परिचराचं, डोमाजीचं, म्हणणं. त्याऐवजी तो टसर रेशमाचा एक रिकामा कोसा, म्हणजे कोश, देठाने कडीला अडकवायचा. कोसा दिसला की आत पतंग अंधारात ठेवलेत, दार उघडायचं नाही. कोसा काढलेला असला की काम झालं, खुशाल जा. अकरा वर्षांत हा नियम कोणी मोडला नव्हता. एकदा खुद्द प्राचार्य पाहुण्यांना विभाग दाखवायला आले, तेही कोसा पाहून मुकाट पुढच्या खोलीकडे वळले होते.

तो मी मोडला. ब्याऐंशी सालचा सप्टेंबर, दुपारचे साडेबारा. एकच्या बसने मला नागपूर गाठायचं होतं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या समितीपुढे माझं संशोधन मांडायचं होतं, आणि त्याचे फोटो आत दोरीला वाळत होते. पतंगांचं काम बाराला संपणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं. त्या दिवशी आमचे विभागप्रमुख सर उशिरा आल्यामुळे सगळंच तासभर पुढे गेलं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. डोमाजी कुठे दिसेना. मी म्हटलं, कोसा काढायला विसरला असणार. अकरा वर्षांत जो माणूस एकदाही विसरला नाही तो नेमका आजच विसरला, असं मला वाटलं, कारण मला तसं वाटायला हवं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगीच नाही.

आत जाऊन मी दार लावलं आणि मोठा दिवा लावला.

टेबलावर जाळीच्या पिंजऱ्यात सहा पतंग होते, जिवंत. त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे नारिंगी पेटलेले होते. अंधारात मुरलेल्या पतंगाचा डोळा उजेडात असा चमकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं; पाहिलं कधीच नव्हतं. त्याच क्षणी मी दिवा घालवायला हवा होता. हात बटनाकडे गेलाही. पण मनात आलं, बिघडायचं ते बिघडलं, आता निदान पाहून तरी घेऊ. मी सवयीने घड्याळात पाहिलं आणि तिथेच उभी राहिले. चमक हळूहळू मंदावत गेली, कडेने काळी पडली, आणि दहाव्या मिनिटाला सहाही पतंगांचे डोळे साधे तपकिरी झाले. मग मी फोटो काढून घेतले, दिवा घालवला, दार लावलं. कोसा कडीवर होता तसाच होता. बस मला मिळाली.

आता हे डोळ्यांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पतंगाचा डोळा म्हणजे एक डोळा नव्हे. हजारो बारीक नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्यात असं समजा. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक भिंग, भिंगाखाली चार पेशींचा मिळून एक पारदर्शक शंकू, आणि तळाशी लांबोळक्या दृष्टिपेशींची जुडी. उजेड खरा कळतो तो या जुडीला. अशा नळीला आम्ही नेत्रिका म्हणतो. नेत्रिकांच्या मधे रंजकपेशी असतात आणि त्यांत गडद रंगाचे कण भरलेले असतात. उजेडात हे कण खाली उतरतात आणि दोन नेत्रिकांमध्ये पडदा धरतात, म्हणजे एकीचा उजेड दुसरीत जात नाही. अंधारात कण वर चढून शंकूंपाशी गोळा होतात, पडदा उठतो, आणि शेकडो भिंगांतून आलेला तुटपुंजा उजेड एकाच जुडीवर पडतो. म्हणून तर आपण चाचपडतो त्या काळोखात पतंग झाडाझाडांतून नीट जातो.

पतंगाचं डोकं औषधात पडलं की कण जिथे असतील तिथेच थिजतात. मग डोळा मेणात बसवायचा, सूक्ष्म छेद घ्यायचे, रंगवायचे, काचेवर लावायचे. त्या छेदात दिसतं की मरताना पतंग उजेडात होता की अंधारात. आमचे विभागप्रमुख वझलवार सर या कणांच्या ये-जा करण्यावर बावीस वर्षं काम करत होते. त्यांच्या हाताखाली मी, कुंदा खानोरकर, पंचवीस वर्षांची, त्याच विषयावर प्रबंध लिहीत होते. आणि आमच्या दोघांच्या कामाचा सगळा भार होता डोमाजीवर.

डोमाजी मारबते हा विभागाचा परिचर. जातीने ढिवर. त्याच्या गावी घरोघर ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवायचे, म्हणून पतंग आणायचा तोच. दोन तास अंधार झाला की मिणमिणत्या लाल दिव्यात, जवळजवळ हाताच्या अंदाजाने, पतंगाचं डोकं अलगद औषधात टाकायचा तोच. आणि छेद कापायचाही तोच. मेणाच्या ठोकळ्यातून सुटणारी छेदांची पातळ फीत तो ओल्या कुंचल्यावर अशी झेलायचा की ती कधी तुटली नाही. सर सभांमधून म्हणायचे, असे छेद मुंबई-पुण्यात होत नाहीत. अकरा वर्षं तो हंगामी होता. कायम करण्याचा ठराव त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थेपुढे येणार होता, आणि तो सरांच्या शिफारशीवर अवलंबून होता. डोमाजी त्याबद्दल फार बोलत नसे. फक्त एकदा त्याने मला विचारलं होतं की कायम माणसाला प्रयोगशाळेच्या रजिस्टरात नावापुढे पद लिहून मिळतं का. मिळतं, म्हटल्यावर बराच वेळ तो हसत होता.

नागपूरहून मी दोन दिवसांनी आले. तोवर डोकी औषधातून पुढच्या द्रावात गेली होती. पतंग पुन्हा अंधारात राहिले होते, कण परत वर गेले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. प्रयोग बिघडला असेल हे तेव्हाच सांगितलं असतं तर नवे पतंग आणता आले असते. चार दिवसांनी हंगाम संपला.

तीन आठवड्यांनी काचा तयार झाल्या. तो सोमवार होता. सरांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली, पाहिलं, दुसरी घातली. तिसरी घातलीच नाही. कण शंकूंपाशी नव्हते. अर्धेअधिक खाली लोंबत होते.

सर आवाज चढवणारे नव्हते, त्या दिवशीही चढवला नाही. डोमाजीला समोर उभं करून त्यांनी विचारलं, डोकी टाकताना त्याने आत उजेड केला होता का.

"नाही जी."

"काडी पेटवली असशील. बिडीसाठी."

"मी बिडी नाही पीत जी. तंबाखूचा खर्रा खातो."

"मग टॉर्च. डोमा, हा डोळा आहे. त्याला खोटं बोलता येत नाही."

डोमाजीने एकदा काच पाहायला मागितली. सरांनी सरकून जागा दिली, पण ती अशा रीतीने की सगळ्यांना लाज वाटावी. डोमाजीने वाकून पुष्कळ वेळ पाहिलं. मग तो म्हणाला की उजेड झाला हे खरं, पण डोकी टाकताना नाही झाला, त्याच्या आधी झाला. सर म्हणाले, "तू कापायचं काम कर. वाचायचं मी पाहीन." बावीस वर्षांच्या कामाचा एक हंगाम हातचा गेला होता, आणि राग कुठेतरी काढायला हवा होता. त्याच संध्याकाळी त्यांनी शिफारसपत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं: परिचर नाजूक कामात विश्वासार्ह नाही. मी खोलीतच होते.

संस्थेची सभा शनिवारी होती.

मंगळवारी सकाळी मी आले तेव्हा डोमाजी माझ्या टेबलापाशी उभा होता. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याने एक काच लावून ठेवली होती, नेमकी जागा धरून.

"पाहा बाई," तो म्हणाला. "अगदी खालतं पाहा. पेशीच्या तळाशी."

मी पाहिलं. कणांचा मोठा जथा अर्ध्या वाटेवर होता. पण खाली, पार तळाशी, आठ-दहा कण सुटे सुटे विखुरलेले होते. दुसऱ्या नेत्रिकेतही तसेच. तिसरीतही.

"तुमी कधी बजार पाह्यला का आमच्याकडचा?" त्याने विचारलं. "बजार भरते तवा लोकं येत रायते, अन् दूरची जागा रिकामीच असते. बजार उठते तवा सारे निंगून जाते, पन दोन-चार जन तिथंच रेंगाळत रायते. हे खालचे जे दिसते ना, हे रेंगाळलेले हायेत. म्हंजे बजार पुरा भरला होता. अन् उठून रायला होता."

मला समजायला वेळ लागला नाही. मला तर आधीच ठाऊक होतं. डोकी टाकताना उजेड पडला असता तर कण वरून खाली निघाले असते आणि तळ साफ राहिला असता. तळाशी मागे राहिलेले कण सांगत होते की ते आधी पूर्ण खाली उतरले, मग अंधार झाला, आणि मग ते परत वर चढू लागले. ते अर्ध्यावर असताना डोकं औषधात पडलं. अशी मधली अवस्था तोवर आमच्यापैकी कोणी छेदात पकडली नव्हती. मी डोळा भिंगाला लावलेला तसाच ठेवला, कारण वर पाहिलं असतं तर डोमाजीकडे पाहावं लागलं असतं.

"वर जायाले त्यायले वीसेक मिनिटं लागली असन," तो म्हणाला. "मी एक वाजता डोकी टाकली. तवा उजेड झाला तो साडेबाराच्या सुमाराले. तवा मी पोस्टात होतो. सरानंच धाडलं होतं."

"हे सरांना सांगितलंस?"

"सांगतलं. तुमी होत्याच की. माह्यं नाही मानत. मी कापनारा. तुमी वाचनाऱ्या हाय. तुमी सांगतलं तं मानतीन."

"बघते मी," मी म्हटलं.

"उजेड कोनं लावला ते मी पुसत नाही, बाई. दोरीवरचे फोटो सकाळी होते अन् दुपारी नव्हते, येवढंच मले माहीत हाय. तुमी फक्त हे कन सांगा. तेवढ्यानं माह्यं भागते."

तो काच तिथेच ठेवून गेला. माणूस मला वाट काढून देत होता. माझं नाव न घेताही तो सुटेल अशी. पण मी वाचणारी होते ना, मला पुढचं वाचता येत होतं. साडेबाराला उजेड झाला म्हटल्यावर सर विचारणार, कोणी केला. एकची नागपूरची बस कोणी पकडली हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण त्यांच्या सहीवर होतं, माझा प्रबंध त्यांच्या सहीवर होता, आणि वडील गेल्यावर घर सोडून मी या गावी आले होते ती त्या प्रबंधापायीच.

बुधवारी सरांचं डोकं दुखत होतं, म्हणून मी सांगितलं नाही. गुरुवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. शुक्रवारी मी त्यांच्या दारापर्यंत गेले. ते प्राचार्यांशी बोलत होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. डोमाजी त्या चार दिवसांत रोज नेहमीसारखा आला, टेबलं पुसली, सुरीला धार लावली. त्याने मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

शनिवारी सभा झाली. डोमाजीची जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली आणि त्याला महिन्याअखेरीस घरी जायला सांगण्यात आलं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. शनिवार उलटल्यावर ते सोपं होतं, हे मला बोलतानाही कळत होतं. कोसा, दिवा, फोटो, बस, सगळं. सर ऐकत होते. मी काच लावून त्यांना तळाचे कण दाखवले, बाजार भरतो आणि उठतो तेही सांगितलं, फक्त ते डोमाजीचं आहे हे सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. सर भिंगावर वाकले. दुसरी काच घेतली. तिसरी घेतली. मग वर न पाहता त्यांनी विचारलं:

"उजेड नक्की किती मिनिटं होता?"

"दहा."

"घड्याळ पाहिलं होतंस?"

"हो सर."

त्यांनी कागद ओढला आणि आकडे लिहिले. दहाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. ती रागाने नव्हती, हे मला समजलं. बावीस वर्षं ते ज्या अवस्थेच्या शोधात होते ती अवस्था, नेमक्या वेळांसकट, समोर होती. मी कबुलीजबाब द्यायला गेले होते आणि मला आनंद होत होता. त्या आनंदाची लाज आजही जात नाही.

डोमाजीचं काय, असं मी शेवटी विचारलं. सरांनी चष्मा काढला. ते दुष्ट माणूस नव्हते, आणि त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"ठराव झाला. आता तो फिरवायचा तर कारण द्यावं लागेल," ते म्हणाले. "कारण म्हणून तुझं नाव द्यावं लागेल. देऊ?"

मी मान खाली घातली. सरांनी ते उत्तर समजून घेतलं, आणि त्यांनी ते बरोबरच समजून घेतलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. अपघात प्रबंधात प्रयोग म्हणून लिहिला गेला. परीक्षकांनी त्या छेदांचे फोटो असलेल्या चित्रपट्टीची दोन पानं भरून स्तुती केली. मला पदवी मिळाली, वर्षभरात त्याच महाविद्यालयात नोकरी मिळाली. ऋणनिर्देशात मी डोमाजीचं नाव घातलं होतं. ज्याला अविश्वासार्ह म्हणून काढलं त्याचे आभार कसे मानायचे, असं सरांनी विचारलं, आणि ते नाव मीच माझ्या हाताने खोडलं.

नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी प्रबंधाची एक प्रत पिशवीत घालून डोमाजीच्या गावी, ऐनटोल्याला गेले. माफी मागायची होती. कशी मागायची ते ठरवलं नव्हतं. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोने मला जंगलाच्या कडेला धाडलं. तिथे ऐनाच्या झाडांवर कोशाच्या हिरव्या अळ्या होत्या, आणि डोमाजी गोफण घेऊन पाखरं राखत बसला होता. अंगाने वाळला होता. मला पाहून तो उठला, गमछ्याने दगड झटकून मला बसायला दिला, पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. नोकरी लागली म्हटल्यावर त्याला मनापासून बरं वाटलं. ते मला फार जड गेलं.

मी प्रबंध त्याच्या हातात दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने गमछ्याला हात पुसले आणि एकेक पान उलटत गेला. चित्रपट्ट्यांशी आल्यावर त्याचा वेग मंदावला. मी काही न सांगता त्याने ती पट्टी ओळखली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"हे माह्या हातचं हाय," तो म्हणाला. "खालतं का लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. दीड तास अंधार, मग दहा मिनिटं उजेड, मग वीस मिनिटं अंधार.

"वीस," तो म्हणाला. "मी वीसच सांगतली होती." त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना आनंद आला, छेदांची फीत अखंड उतरली की यायचा तसा. मग त्याने बोट त्या ओळीवरून पुन्हा एकदा फिरवलं, जणू ओळ अजून संपली नव्हती. "अन् उजेड कोनं लावला, ते?"

"ते नाही लिहिलेलं."

"अन् कापलं कोनं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. माफी मागायची राहूनच गेली. रडू आलं, तेही मी आवरलं, कारण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

डोमाजीने प्रबंध मिटला. रागाने नाही, ओरखडा पडू नये इतक्या जपून. मग दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला.

"मंग हे घेऊन जा, बाई," तो म्हणाला. "याच्यात मी नाही. अन् तुमीबी नाही."

समोरच्या झाडावर पाखरांचा थवा उतरला. डोमाजी गोफण घेऊन तिकडे गेला, आणि मी प्रबंध पिशवीत घालून बसच्या रस्त्याला लागले.